कुलपातलं वायफाय

ताई आज पहिल्यांदाच व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवणार होती आणि आमच्या कंप्युटरला इंटरनेट मिळत नव्हतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसले होते. वायफायची एकच काडी दिसत होती, तीही मध्येच जीव सोडायची.

मी कंप्युटर बंद करून चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"लवकर करा रे, बाळ पेंगायला लागलंय."

मी राऊटर बघायला आतल्या खोलीत गेलो. त्याची वायर लोखंडी कपाटाच्या फटीतून आत शिरली होती. कपाटाला कुलूप होतं.

"बाबा, राऊटर कपाटात?"

"महागाची वस्तू बाहेर ठेवतात का?"

"लोखंडातून सिग्नल कसा येणार?"

"किल्लीचं भोक आहे की."

ते कपाट कधी उघडं राहिल्याचं मला आठवत नाही. बाबांनी आत येऊन जुडगा काढला, दार सताड उघडलं आणि तिथेच पहाऱ्याला उभे राहिले. बाहेर सगळ्या काड्या भरल्या. पडद्यावर बाळ आलं आणि डोळे मिटू लागलं.

"बाबा कुठेत?" ताईने विचारलं.

"कपाट राखतायत."

"कुणापासून?"

ते आत बाबांना ऐकू गेलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. मग बाबा बाहेर आले, कपाट तसंच उघडं टाकून. पडद्यासमोर बसून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वर धरला आणि खुळखुळ वाजवला.

बाळाने डोळे उघडले.