बालवाडी कोणी सुरू केली

गौतमीने सासूचं नाव विकिपीडियावर चढवलं सकाळी अकराला, आणि दुपारी दोनला ते उतरलं.

मधल्या तीन तासांत घोळ व्हायचा तो झालाच होता. यवतच्या स्टँडसमोरच्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानातून तिने घरी फोन केला होता. "आत्या, तुमचं नाव आता सगळ्या जगाला दिसतंय बघा." रंभाबाईंनी जगाचं जगावर सोडलं, पण निंबदऱ्यातल्या आपल्या आळीत चार घरं फिरून ही बातमी सांगून आल्या. संध्याकाळी दोघी बायका मोबाइल घेऊन बघायला आल्या, तर निंबदऱ्याच्या लेखात गावाची लोकसंख्या होती, पिनकोड होता, शाळा कितवीपर्यंत तेही होतं. रंभाबाई तेवढ्या नव्हत्या.

"नेट गेलं आसंल," रंभाबाई म्हणाल्या. सुनेची लाज त्यांनी अशी झाकली.

नेट गेलं नव्हतं. ओळ काढली होती तेजश्रीने. ही तेजश्री शिरूरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला, वय सव्वीस. तिच्याच एक दिवसाच्या कार्यशाळेला गौतमी चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे दोन गाड्या बदलून गेली होती आणि विकिपीडियावर लिहायला शिकून आली होती. शिकून म्हणजे, खातं उघडून. बाकीचं दुपारच्या जेवणानंतर सांगितलं होतं आणि जेवण चांगलं होतं.

गौतमीची ओळ अशी होती : "गावातील पहिली बालवाडी श्रीमती रंभाबाई म्हाळू रणपिसे यांनी अपार मायेने सुरू केली." लेखामागे लिहिणाऱ्यांना आपसात बोलायला चर्चा पान असतं, तिथे तेजश्रीने लिहिलं होतं, "ताई, संदर्भ नाही. शिवाय 'अपार मायेने' हे तटस्थ नाही."

गौतमीने विचार केला, अपार जरा जास्तच झालं. ते काढून नुसतं 'मायेने' ठेवलं. ओळ पुन्हा गेली. मग मायाही काढली आणि कोरडी ओळ घातली. तीही गेली, आणि फोन आला.

"ताई, तिसऱ्यांदा झालं हे. असं परत परत घातलं तर खातं बंद करतात."

"अहो मॅडम, पण खरं आहे ते. मी त्यांच्या घरातली आहे, मला माहीत आहे."

"घरातल्या आहात म्हणूनच पंचाईत आहे. तुम्हाला माहीत आहे, कबूल. पण वाचणाऱ्याने ते कुठं तपासायचं? छापील काही आहे का?"

छापील. रंभाबाईंची एकवीस वर्षं एका गोठ्यात गेली होती, पोरांची नाकं पुसण्यात. नाकं पुसल्याचं कोण छापतं?

आठवड्याभराने लेखात एक नवीन ओळ दिसली. तेजश्रीनेच घातली होती, बहुधा गौतमीची कणव येऊन, शोधाशोध करून. "येथील बालवाडी गावच्या सेवा सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष हौसराव यांच्या प्रेरणेने १९८४ मध्ये सुरू झाली." पुढे बारीक निळा आकडा, आणि खाली संदर्भ : सोसायटीची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, सन २०००, पान चौदा.

गौतमीने दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड तसंच काचेवर ठेवलं आणि फोन लावला.

"ते खोटं आहे!"

"कशावरून ताई?"

"कारण ते मीच लिहिलंय."



लिहिलं होतं खरंच. तेव्हा ती बावीस वर्षांची, नवी सून. सोसायटीचा उत्सव आला आणि हौसराव आप्पांना कुणीतरी सांगितलं, म्हाळूची सून मराठी चांगलं लिहिते. आप्पांनी बोलावणं धाडलं. आप्पा सांगत गेले, ती लिहीत गेली. 'प्रेरणेने' हा शब्दसुद्धा तिचाच. आप्पा म्हणाले होते, "मी सांगितलं आन् झालं," त्याचं तिने 'प्रेरणेने' केलं होतं, आणि आप्पा खूश झाले होते. पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हा ती स्मरणिका तिने माहेरी नेऊन दाखवली होती. चौदाव्या पानावर काय आहे ते रंभाबाईंना वाचून दाखवलं नव्हतं.

"तेव्हा तुम्ही पडताळून नाही पाहिलं?" तेजश्रीने विचारलं.

"आप्पांना कोण पडताळणार?"

"मग मी आता काय करू? पुस्तक तर पुस्तक आहे ताई. थांबा, 'स्मरणिकेनुसार' असं करते. म्हणजे आपण म्हणत नाही, स्मरणिका म्हणते."

"स्मरणिका म्हणजे मीच ना?"

"हो. पण आत्ताच्या तुम्ही नाही."

गौतमीने फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या आधारच्या चुकून पाच प्रती काढल्या. पंचवीस वर्षांपूर्वी न विचारता लिहिणारी आपण चालते, आणि आज सगळं माहीत असलेली आपण चालत नाही. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

घरी रंभाबाई रोज एवढंच विचारायच्या, "आलं का परत?" आणि गौतमी म्हणायची, "काम चालू आहे."

अशात एके दिवशी स्वराज दुकानात आला. हौसराव आप्पांचा नातू, आता सोसायटीचा अध्यक्ष. "काकी, औंदा अमृतमहोत्सव हाय. स्मरणिका काढायचीय. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

गौतमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याच हाताने लिहायचं, पान एकवर लिहायचं, आणि छापून आलं की झाला संदर्भ! आनंद मावेना म्हणून तिने तेजश्रीला सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्हीच लिहिणार आणि तुम्हीच त्याचा संदर्भ देणार?"

"मग आप्पांनी वेगळं काय केलं होतं?"

"काहीच नाही. तेच केलं होतं," तेजश्री म्हणाली आणि गौतमीचा उजेड गेला. "लिहा की ताई. पण विचारून लिहा. ज्याला ज्याला माहीत असेल त्याला विचारा, आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहा. लेखात मात्र तुम्ही घालायचं नाही. चर्चा पानावर सगळं सांगा, स्मरणिका कुणी लिहिली तेसुद्धा. दुसरं कुणीतरी बघून ठरवेल."

"आणि दुसऱ्याला नाही पटलं तर?"

"तर नाही येणार नाव."

विचारायचं म्हणजे आधी साखरबाईंना. आप्पा तर आता नव्हते; साखरबाई त्यांची बायको, ऐंशीच्या घरात, ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. गौतमी वही घेऊन पायरीवर टेकली.

"आक्का, बालवाडी कुणी सुरू केली हो?"

"बालवाडी? ती बानूबाईनं."

गौतमीचं पेन हवेत राहिलं. "कोण बानूबाई?"

"रस्त्याचं काम चाललं व्हतं न्हवं का, तवा खडी फोडायला यायची ती. परगावची. पोर उन्हात रडायचं. एक दिस तिनं ते आणून आमच्या रिकाम्या गोठ्यात ठिवलं, न इचारता. दुसऱ्या दिवशी अजून तिघींची पोरं आणली. चार दिस तीच बसली त्यांच्यापाशी. मुकादम वराडला, मग तुझी सासू बसाया लागली."

"आणि आप्पा?"

"ह्यांना महिनाभर पत्ताच न्हवता. कळलं तवा माझ्याच अंगावर आले, गोठा कुणाला इचारून दिला म्हणून. मग तालुक्याचं सायेब आलं, फोटू निघाला, तवा हे म्होरं हुबं." साखरबाई हसल्या. "पर गोठा मी दिला, ते घालशील ना? सगळ्यांची पोरं घेतली हां. कुणाला न्हाई म्हनलं न्हाई."

"आणि ओसरीवर घेतली असती का हो, सगळ्यांची पोरं?"

"वसरीवर कशाला? गोठा व्हता की."

गौतमीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्यापुढे काहीतरी लिहावं असं हाताला वाटत होतं, हात आवरला. ही तटस्थता झाली की भित्रेपणा, ते तिला कळलं नाही.

घरी येऊन तिने रंभाबाईंपुढे वही ठेवली. "आत्या, बानूबाई कोण?"

रंभाबाई लसूण सोलत होत्या. दोन पाकळ्या झाल्या, तिसरी झाली.

"व्हती," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही सुरू केली असं कसं म्हणालात?"

"मी कुठं म्हनलं? तू म्हनलीस. मी म्हनलं, बालवाडी माझी हाय. एकवीस वर्सं कोण बसलं तिथं? ती चार दिस बसली आन् रस्ता सरला तशी गेली."

"तिचं आडनाव?"

"खडी फोडनारनीचं आडनाव कोण इचारतं?"

गौतमी कॉटवर बसली. एक नाव घालायला निघाली होती, तर तीन झाली, त्यातलं एक अर्धंच, आणि जे काढायचं होतं ते पान चौदावर तिच्याच सुबक मराठीत पक्कं बसलेलं. तरी तिने लिहायला घेतलं. दोन दिवस खाडाखोड करून परिच्छेद झाला, आणि रविवारी तिने तो सासूला वाचून दाखवला.

"बालवाडी कशी सुरू झाली याबद्दल वेगवेगळं सांगितलं जातं. साखरबाई सांगतात, की बानूबाई नावाच्या खडी फोडणाऱ्या बाईने प्रथम मुलं आणली आणि गोठा साखरबाईंनी दिला. रंभाबाई रणपिसे सांगतात, की पुढे एकवीस वर्षं ती त्यांनी चालवली. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हौसराव यांचे नाव आहे. तो मजकूर प्रस्तुत लेखिकेनेच, इतर कोणाला न विचारता लिहिला होता."

रंभाबाईंनी पूर्ण ऐकलं.

"हे कम्प्युटरवर येनार?"

"सांगता येत नाही. मला घालता येत नाही. दुसऱ्याने ठरवायचं."

"बरं. पर 'सांगतात' कशापायी? मी खोटं सांगते व्हय?"

"तसं नाही आत्या. कोण म्हणालं ते लिहावं लागतं. सगळ्यांच्याच बाबतीत."

"मग आप्पाच्या येळंला का न्हाई लिवलंस? 'आप्पा सांगतात' म्हनून?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं, असं लिहितात ते," गौतमी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ते कच्चं वाटलं. लिहायचं कसं ते माहीत नव्हतं, हे खरं. पण कुणाला विचारायचं ते माहीत होतं. ती स्मरणिका लिहीत असताना रंभाबाई याच घरात, चार हातांवर, तिच्यासाठी भाकरी थापत होत्या.

"विचारायला पाहिजे होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"व्हय," रंभाबाई म्हणाल्या. मग बोट वहीवर टेकवून म्हणाल्या, "परत वाच. बानूपासनं वाच. तिचं पोर मुलगी व्हती, ते ऱ्हायलंय."