प्लॅस्टिकमध्ये अडकलेला अर्ज

मी एक अर्ज बोलतोय. कर्जाचा नाही, रजेचा तर मुळीच नाही! मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाचा, स्वतंत्र अभ्यासाचा अर्ज आहे. वर्गातला एक विषय सोडायचा आणि एका सरांच्या देखरेखीखाली आपल्या आवडीचा विषय स्वतः शिकायचा, अशी आमच्या कॉलेजात सोय आहे.

राजनंदिनीने मला पाचदा खोडून लिहिलं. तिचे वडील मानसिंग, म्हणजे आबा, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी; येत्या दिवाळीला निवृत्त होणार. वय झालेल्या गड्याच्या पाठीवर टोळी हलकी गोणी देते, ती कोण ठरवतं आणि कसं, हे तिला शिकायचं होतं. कुणी कुणाला काही सांगत नाही, तरी रोज बिनचूक होतं म्हणे.

"माझ्या पाठीचा कसला आलाय अभ्यास?" आबा हसले. पण दुसऱ्याच दिवशी सगळ्या टोळीला सांगून मोकळे झाले.

देखरेख करणाऱ्या दिनानाथ सरांनी चार दिवस मला बॅगेत फिरवलं आणि गावी निघता निघता सही केली, शिक्का मारला. काय ऐट वाटली मला! आता फक्त विभागप्रमुखांची सही राहिली होती. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. सकाळी राजनंदिनी मला टेबलावर ठेवून आंघोळीला गेली.

तेवढ्यात आबांनी मला पाहिलं. सही-शिक्क्याचा कागद म्हणजे त्यांच्या लेखी जपायची चीज. रेशनकार्ड, पोरीच्या मार्कशीट, सगळ्यांचं त्यांनी लॅमिनेशन करून ठेवलेलं. मलाही घेऊन ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. त्या गरम यंत्रातून जाताना मी किती ओरडलो! पण ऐकतो कोण?

"आता पावसातबी भिजायचा न्हाई," आबांनी मला तिच्या हातात दिलं.

राजनंदिनीचा चेहरा उतरला. पण आबांच्या तोंडाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "छान केलंत, आबा."

कॉलेजात विभागप्रमुखांचं पेन माझ्यावरून घसरलं. "दुसरा आणा. दिनानाथ सरांच्या सहीसकट," ते म्हणाले. गावाकडे सरांचा फोन लागेना. पाच वाजले आणि तिच्या नावापुढे भलताच विषय पडला. माझ्यामुळे पोरीचं वाटोळं झालं, असंच मला वाटत राहिलं.

"मंजूर झाला?" तिनं घरात पाय ठेवला नाही तोच आबांनी विचारलं.

"झाला," ती म्हणाली.

आता मी दाराशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. आल्यागेल्याला आबा मला दाखवतात. रोज जेवताना विचारतात, "कधी येतीस? गडी वाट बघत्यात. शिवरामतात्या तर रोज दाढी करून येत्यात!"

"येते सोमवारी," ती ताटातून मान वर करत नाही. असे चार सोमवार गेले.

राजनंदिनी, माझं एक ऐक. मार्क मिळणार नाहीत, नकोत. आबांना खरंही सांगू नकोस हवं तर. पण वही घे आणि बाजारात जा. ती माणसं सांगायला बसलीत. दिवाळीनंतर आबा तिथं नसतील गं.