पेपरमिंटचा डबा

विनी हिंडलनं पत्राचं पाकीट टपालखिडकीच्या जाळीखालून आत सरकवलं आणि एक तिकीट मागितलं. डॉर्कासनं पाकिटावरचा पत्ता वाचला, ते तसंच परत ढकललं आणि खिडकीची फळी खाडकन खाली ओढली.

"टपाल बंद."

"अजून वेळ आहे की, मावशी."

"माझं घड्याळ पुढे आहे."

विनीला आश्चर्यच वाटलं. दुकान एकच असलं तरी त्यात डॉर्कास दोन होत्या. जाळीमागची डॉर्कास सरकारची, घड्याळाला बांधलेली. वेळ संपल्यावर खुद्द राजा आला असता, तर त्याचंच चित्र असलेलं तिकीट तिनं त्याला दिलं नसतं. वर्तमानपत्रं, तंबाखू आणि गोळ्या विकणारी डॉर्कास मात्र साऱ्या गल्लीची मावशी.

ज्यांचं टपाल घरच्यांच्या हाती पडायला नको, ते या मावशीच्या दुकानाचा पत्ता देत. ती प्रत्येकाला गोळ्यांचा एक डबा नेमून देई. आपल्या डब्यातली गोळी मागायची, पुडीबरोबर गुपचूप पत्र घ्यायचं. कुणाचा डबा कोणता, हे तिच्या नवऱ्यालासुद्धा मरेपर्यंत कळलं नाही.

विनीचा डबा टॉफीचा. मंगळवारी त्यातूनच तिला मँचेस्टरच्या इस्पितळाचं पत्र मिळालं होतं. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. उत्तर लगेच हवं होतं. पत्र वाचून ती तिथेच, मावशीपुढे, सिगारेटींच्या फळीला टेकून रडली होती. आई गेलेली, बाबांना धड अंडं उकडता येत नाही, त्यांना टाकून कसं जायचं? आज तिनं आणलेलं पाकीट नकाराचं होतं.

"आलीच आहेस तर गोळ्यांची बाजू सांभाळ," डॉर्कास म्हणाली. "फुटबॉलचा पेपर येईल एवढ्यात. मला दोन हात पुरत नाहीत."

पेपरचे गठ्ठे आले आणि मागोमाग सगळी गल्ली आत घुसली. दर शनिवारी हाच गोंधळ. कोण हरलं, कोण नशिबानं वाचलं, पंच कसा आंधळा होता, हे सगळं उभ्या उभ्या ठरवून माणसं एकेक करून पांगली. शेवटी राहिला विनीचा बाप, एनॉक हिंडल. गिरणीत माग दुरुस्त करणारा हा माणूस पेपरातून डोकं वर न काढताच म्हणाला,

"दोन औंस पेपरमिंट."

विनी थबकली. पेपरमिंटच्या नुसत्या वासानं बाबांचं डोकं चढायचं. तिनं डबा उघडला. गोळ्यांवर पाकीट होतं: मोरकॅम्बचा शिक्का, बाईचं वळणदार अक्षर. विनीला काही विचारावं लागलं नाही. डब्यांची रीत तिला पाठ होती.

एनॉकनं मान वर केली. त्याचे कान लालबुंद झाले.

डॉर्कास पाठ फिरवून उरलेल्या पेपरांना सुतळी बांधत राहिली.

"मोरकॅम्बला कोण असतं, बाबा?"

"बोर्डिंगवाली. गिरणीच्या सुट्टीत समुद्रावर गेलो, तेव्हा तिच्याकडे उतरलो होतो ना? तीच."

"जिचं सूप मी पाणचट म्हटलं, ती?"

"हं. वर्षभर लग्नाचं विचारतेय. मी टाळतोय." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "घरात दुसरी बाई आणली तर तुला वाटेल, तुला बाहेर काढतोय. मला ते सहन झालं नसतं, पोरी."

विनीनं खिशातलं पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं पत्ता वाचला आणि घाबरून विचारलं, कोण आजारी आहे? कुणीच नाही, असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. मग त्यानं ते पाकीट उचललं, फाडलं आणि तुकडे कोटाच्या खिशात कोंबले.

"सूप खरंच पाणचट होतं," तो म्हणाला. "पण मला चालेल. डॉर्कास, दोन कोरी पाकिटं दे. आणि दोन तिकिटं."

"तिकिटं सोमवारी, बाबा," विनी डोळे पुसत म्हणाली. "टपाल केव्हाच बंद झालं."

डॉर्कासनं सुतळी खाली ठेवली. जाळीमागे जाऊन तिनं खिडकीची फळी वर ढकलली.

"माझं घड्याळ पुढे आहे," ती म्हणाली.