पाकिटातला आकडा

मिस्त्रीने दोनच वाटा ठेवल्या होत्या. एक, गाडीचं मूळ इंजिन पूर्ण खोलायचं, सिलिंडर घासून घ्यायचे, पिस्टन बाहेरून मागवायचे आणि चार ते सहा महिने थांबायचं. दुसरी, अलीकडच्या एखाद्या छोट्या गाडीचं इंजिन बसवायचं: तीन आठवड्यांचं काम, किल्ली फिरवली की चालू.

"दोन्ही करून देतो," तो म्हणाला. "पण नंतर तोंड वाकडं करून माझ्याकडे येऊ नका. शुक्रवारी सांगा."

शुक्रवार कशाला, तपासनीसांनी तिथल्या तिथेच नवं बसवा म्हणून सांगून टाकलं. त्यांची बायको बघतच राहिली. हा माणूस चाळीस वर्षं छापखान्यात वेळापत्रकं आणि कोष्टकं तपासत आला होता. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना तपासनीसच म्हणत. कामाची पद्धत ठरलेली: एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ताडत जायचं, आणि जुळलं तरी "पुन्हा वाच" म्हणायचं. पेन्सिल बदलायची तर ज्याला दोन दिवस विचार करावा लागे, तो पन्नास वर्षांच्या गाडीचं काळीज काढून टाकायला मिनिटभरात तयार झाला होता.

"बाबांचं इंजिन आहे ते," ती म्हणाली. विषय संपला, अशा सुरात.

गाडी तिच्या वडिलांची. दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा त्यांनी ती लेक-जावयाच्या हवाली केली आणि बॉनेटवर हात ठेवून बजावलं, की कारखान्यातून निघाली तशी आहे, इंजिनाला परका हात लागलेला नाही, तुम्हीही लागू देऊ नका. सासरे म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. ते म्हणाले ते खरंच असणार, हे घरात सगळे धरून चालत. गाडीने एका दमात चढ काढला की बायको म्हणे, "बघा, बाबांचं इंजिन." आणि गाडी बंद पडली की म्हणे, "तुम्ही क्लच नीट दाबत नाही."

सव्वीस वर्षं तपासनीस हे ऐकत आले होते. कारण ते इंजिन बाबांचं नव्हतंच.

सव्वीस वर्षांपूर्वी बायको बहिणीच्या ऑपरेशनसाठी दीड महिना बाहेरगावी होती. एका रविवारी तपासनीसांनी हौसेने इंजिनातलं जुनं तेल काढलं. नवं भरणार तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. वेळापत्रकात घोळ झाला होता. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन निघाले ते तेलाशिवायच. अकराव्या किलोमीटरला आतून जो आवाज आला, तो त्यांना अजून झोपेत ऐकू येई. इंजिन कायमचं जाम झालं. परगावच्या एका गॅरेजवाल्याने त्याच बनावटीच्या, अपघातात चेपलेल्या गाडीचं इंजिन शोधून बसवून दिलं. जुनं भंगारात गेलं. ते जाण्याआधी तपासनीसांनी सवयीने त्यावर ठोकलेला क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवून घेतला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून पाकिटं चार झाली, चिठ्ठी तीच राहिली.

सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण बायको परतली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि महिन्याभरात ते गेले. रडून रडून ती गाडीत जाऊन बसायची. तिथे तिला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आता नवं इंजिन बसलं की हे खोटंही भंगारात जाणार होतं. म्हणून एवढी घाई. गुरुवारी दिवसभर त्यांनी नव्या इंजिनाचे फायदे सांगितले. त्यात बायकोच्या दुखऱ्या गुडघ्याचाही उल्लेख आला, बसला जायचे हाल होतील वगैरे. माझा गुडघा मध्ये आणू नका, असं तिने सुनावलं. सहा महिने पायी फिरेन, म्हणाली. मग ताटं उचलता उचलता तिने शांतपणे विचारलं, "बाबांचं काहीच ठेवायचं नाही का तुम्हाला?"



शुक्रवारी दोघं गॅरेजमध्ये पोचली तेव्हा इंजिन गाडीतून निघून साखळीला लटकत होतं. मिस्त्रीचा एक नियम होता. गाडीच्या नोंदणीपुस्तकातला क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळल्याशिवाय तो कसलीच मागणी पाठवत नसे. पूर्वी एकदा चुकीचे पिस्टन येऊन पडले होते. पुस्तक बायकोकडे, वडिलांच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत असे. विमा, नूतनीकरण सगळं तीच बघायची. तपासनीसांनी सव्वीस वर्षांत त्या पेटीला हात लावला नव्हता.

मिस्त्री रॉकेलच्या फडक्याने इंजिनाची एक बाजू पुसू लागला. काजळीखालून आकडे वर आले. बायकोने चष्मा लावला, पिशवीतून आणलेलं पुस्तक उघडलं.

"वाचू?"

"थांब," तपासनीस म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. तेल, फोन, अकरावा किलोमीटर, परगावचं गॅरेज. तारखांसकट सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने त्यांना सांगताच येत नसे. मिस्त्री फडकं धुवायच्या निमित्ताने नळापाशी गेला, पण कान इथेच ठेवून गेला. शेवटी तपासनीसांनी पाकिटातून चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. घड्यांवर ती विरली होती.

"सव्वीस वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"आणि मी दर चढाला..."

"हो."

"तुम्हाला एकदाही हसू आलं नाही?"

"हसू कसं येईल?"

तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. "मला राग आलाय. तेलाचा नाही, तेल कुणीही विसरेल. एवढी वर्षं मला वेड्यात काढलंत, त्याचा."

तपासनीसांनी मान खाली घातली.

"द्या ती इकडे."

तिने चिठ्ठी उघड्या पुस्तकावर ठेवली. एकदा पाहिलं. मग बोट ठेवून पाहिलं.

"अहो, हा आकडा तुम्ही ताडून बघितला होता?"

"कशाशी?"

"पुस्तकाशी."

पुस्तक उघडायचं धैर्यच तपासनीसांना कधी झालं नव्हतं.

"सांगा, चिठ्ठीत काय आहे."

त्यांना चिठ्ठी बघायची गरज नव्हती. "चार, एक, शून्य, नऊ, दोन."

"इथे तीन, आठ, सहा, एक, सात आहे."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तोपर्यंत मिस्त्री ओले हात घेऊन जवळ आला होता. त्याने चिठ्ठी पाहिली, पुस्तक पाहिलं, लटकतं इंजिन पाहिलं. तिन्हींवरचे आकडे तीन तऱ्हेचे. "काका, त्या वेळी उतरवताना तुमचीच काही गफलत..."

"ते आकडा उतरवताना चुकत नाहीत," बायको म्हणाली.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "मग काकू, सरळ आहे. गाडी तुम्हाला द्यायच्या आधी तुमच्या वडिलांनीच इंजिन बदललेलं असणार."

तिने पुस्तक मिटलं. मग हळूहळू म्हणाली, की ती कॉलेजात असताना गाडी दोन महिने रंगाला म्हणून गेली होती. "परत आली तर रंग तोच. मी विचारलं, बाबा, बदलला का नाही? तर म्हणाले, मला हाच आवडतो." आणि तिला हसू फुटलं. थांबेना. ती एका जुन्या टायरवर बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच राहिली. "परका हात लागू देऊ नका म्हणे!"

तपासनीसांनी भिंतीला हात टेकला. त्यांना बरं वाटत होतं. ज्याचा जीव घेतला म्हणून ते सव्वीस वर्षं झुरत होते, तो भलताच कुणीतरी निघाला होता.

"माझा राग गेलेला नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "पण आता तो दोघांत वाटावा लागेल."

मिस्त्रीने घसा साफ केला. "मग काय करू? मूळ की नवं?"

"मूळ आणणार कुठून? नवं बसवा. आणि या वेळी नोंद करायची. तेल मी बघणार."

तीन आठवड्यांनी नवं इंजिन बसलं. बदलाची नोंद झालेलं पुस्तक तपासनीसांच्या हातात होतं, पेटीतून त्यांनी स्वतः काढलेलं. बायकोने बॉनेटखाली वाकून, बॅटरीच्या उजेडात एकेक आकडा मोठ्याने वाचला. तपासनीस पुस्तकावर बोट सरकवत गेले.

"जुळलं."

"पुन्हा वाचू?"

"नको," ते म्हणाले आणि बॉनेट लावलं.

परतीच्या वाटेवरचा चढ गाडीने न कुरकुरता काढला.

"बघा," बायको सवयीने म्हणाली, आणि पुढचं तिने गिळलं.

या वेळी तपासनीस हसले.