गडगडाटाचा पत्रा

संत बार्बराचं मुंडकं तिच्या बापानंच उडवलं, आणि आम्ही ते दरवर्षी चार डिसेंबरला चर्चच्या मैदानात पुन्हा उडवतो. नाताळ तोंडावर आलेला असतो, आगमनकाळाची जांभळी मेणबत्ती लागलेली असते, आणि आमच्याकडची लेकरं बापाच्या खांद्यावर बसून एका बापानं पोरीला कसं मारलं ते बघतात. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. पण ही संतीण तोफांची, दारूगोळ्याची आणि अचानक येणाऱ्या मरणाची. आमच्यातले निम्मे देहूरोडच्या लष्करी कारखान्यांतून रिटायर झालेले, उरलेले चाकण-निघोज्याच्या कंपन्यांत प्रेसवर नाहीतर हॅमरवर. ज्यांची बोटं रोज लोखंडाखाली जातात त्यांना अशीच संतीण लागते.

गोष्ट सोपी आहे. बार्बराचा बाप डायोस्कोरस मूर्तिपूजक. पोरगी त्याला न विचारता ख्रिस्ती होते. तो तिला बुरुजात कोंडतो, चाबकानं फोडून काढतो, शेवटी स्वतःच्या हातानं तिचा गळा कापतो, आणि तिथल्या तिथं वीज पडून तोही मरतो. ती वीज म्हणजे मी, छबूबाई पारखे. स्टेजच्या डाव्या अंगाला पडद्याआड एक मोठा पत्रा टांगलेला असतो. मी तो लाकडी मोगरीनं बडवते, आणि पत्रा गडगडला की डायोस्कोरस आडवा पडतो.

डायोस्कोरस होतो माझा धाकटा भाऊ शेखर. फोर्जिंगच्या कंपनीत हॅमरवर काम करून त्याची छाती तशी झाली आहे आणि आवाजही. त्याचा चाबूक म्हणजे अंबाडीच्या दोरीला गुंडाळलेला कापूस, आळत्यात बुडवलेला. तो लागत नाही, पण बार्बराच्या पांढऱ्या झग्यावर लालभडक वळ उमटतात. फटक्याचा आवाज मी पडद्यामागून काढते, पोत्यावर कातडी पट्टा हाणून. आमचं हे इतकं जमून गेलं आहे की पुढच्या रांगेतल्या बायका दरवर्षी नव्यानं रडतात.

एका वर्षी तर गोजाबाई भर नाटकात स्टेजवर चढली आणि तिनं शेखरला चपलेनं हाणलं. वयानं ऐंशीच्या घरातली बाई, तिला आवरणार कोण? सगळं मैदान हसलं, हुतात्मा मरता मरता हसली आणि सणाचा विचका झाला. तेव्हापासून फादर सकाळच्या मिस्सेची प्रार्थना संपताना माइकवर बजावतात, की पत्रा वाजेपर्यंत कुणीही जागचं हलायचं नाही. दहा आज्ञा आम्ही किती पाळतो ते देव जाणे, पण ही अकरावी काटेकोर पाळली जाते.

आता शेखरबद्दल. तो दारू पीत नाही. पीत असता तर सगळं दारूवर ढकलता आलं असतं. तो शुद्धीत मारतो. त्याची बायको काविळीनं गेली, तेव्हा मिनल लहान होती. मी राहुरीहून तिला सांभाळायला आले ती कायमचीच. पोरीच्या आणि त्याच्या हाताच्या मध्ये उभं राहणं हे माझं घरातलं मुख्य काम. गेल्या ईस्टरला मी बाजारात गेले होते तेवढ्यात त्यानं फोनवर बोलते म्हणून फोन तिच्या तोंडावर हाणला आणि तिचा दात तुटला. आवाज सगळ्या चाळीनं ऐकला. पुढच्या रविवारी तोच वेदीपाशी उभा राहून बायबलमधलं वाचन वाचत होता, आणि शांतीचिन्हाच्या वेळी, म्हणजे एकमेकांना शांती देताना, सगळ्यांनी त्याला हात जोडले. मला त्या दिवशी त्याचा जितका राग आला तितकाच त्या जोडलेल्या हातांचा आला.

मिनल निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं मेंटेनन्सला धम्मपाल आहे. पोरगा शांत, हसरा, देहूरोडचा, बौद्ध. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं आणि आमच्या घरात ते फक्त मला माहीत होतं. खरं सांगायचं तर त्याचा आजा आणि आमचा आजा नगरकडच्या एकाच गावाबाहेरच्या वस्तीतले. आमच्या आज्यानं मिशनच्या शाळेपायी बाप्तिस्मा घेतला, त्याच्या आज्यानं पुढं दीक्षा. दोघांच्या मडक्यात पाणी वरूनच ओतलं जायचं. शेखरला हे पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच त्याला ते नको होतं. ज्या वस्तीतून आपण निघालो तिथं पोरगी परत द्यायची न्हाई, असं तो दुसऱ्यांच्या लग्नावरूनसुद्धा म्हणायचा. मी मिनलला सांगितलं, नाताळ जाऊ दे, मग मीच त्याच्या कानावर घालते. तोवर गप्प.

यंदा बार्बरा व्हायला फादरनी मिनललाच सांगितलं. खऱ्या बापलेकी असल्या तर लोकांच्या काळजाला भिडेल, असं त्यांना वाटलं. शेखर खूश झाला. त्यानं कंपनीतल्या भंगारातल्या पट्टीची खरी लोखंडी तलवार बनवली, पॉलिश केली, धार नाही म्हणाला. लाकडी तलवार लांबून खोटी दिसते हे त्याचं जुनं दुखणं. ती उचलताना माझं मनगट दुखलं.

सणाच्या दिवशी मिस्सा झाली, जेवणाच्या पंगती झाल्या, आणि नाटकाची दुसरी घंटा झाली तेव्हा पडद्यामागे एक बाई आली. निळं इरकल, हातात टोपली, टोपलीत बोटभर वाढलेली हिरवीगार नाचणी. ती धम्मपालची आई, सावित्रीबाई. आम्ही गव्हाणीच्या देखाव्यासाठी नाचणी पेरतो हे तिनं लेकाकडून ऐकलं होतं, म्हणून तिनंही हौसेनं पेरली होती. फार लवकर पेरली होती, नाताळपर्यंत पिवळी पडली असती, पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. लेक म्हणाला होता की आत्याला माहीत आहे. घरातल्या थोरल्या बाईला माहीत म्हणजे बापाला माहीत, असं तिनं धरलं. शहाण्यासुरत्या कुठल्याही बाईनं असंच धरलं असतं.

मी पुढं होईपर्यंत ती दाढीमिशा लावलेल्या शेखरसमोर उभी होती.

"जय भीम, व्याही," ती म्हणाली. "का जय ख्रिस्त म्हणायचं असतंय तुमच्यात? पोर तुमची, पर आता आमचीबी झाली. काळजी करू नका."

शेखरनं तिला हात जोडले. बसा म्हणाला, नाटक बघून जा म्हणाला. एवढा मऊ आवाज तो कधी काढत नाही. मी त्याचा दंड धरला आणि सांगू लागले, की पोरीचा दोष नाही, मीच गप्प बसायला सांगितलं होतं. त्यानं माझा हात अलगद सोडवला. तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. मिनल आधीच स्टेजवर, बुरुजात गुडघे टेकून बसलेली. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं.

मी पट्टा आणि पोतं घेऊन जागेवर बसले. स्वतःला समजावलं, की इतक्या लोकांसमोर तो काय करणार आहे? घरी गेल्यावर बघू, मध्ये उभं राहायला मी आहेच. त्यानं पहिली वाक्यं नीट म्हटली. मग चाबकाचा प्रसंग आला. त्यानं हात उचलला, मी पोत्यावर पट्टा हाणला. पुन्हा उचलला, मी पुन्हा हाणला. मिनल किंचाळली. ती तालमीतल्यासारखी किंचाळली नाही. मी पोत्यावर मारायची थांबले, आणि आवाज थांबला नाही.

फटीतून बघितलं तर आळत्याचा चाबूक खाली पडला होता. शेखरच्या हातात त्याच्या कमरेचा पट्टा होता, बक्कल पुढं सोडलेला. झगा पाठीवर फाटला होता. आळत्याचं लाल आणि दुसरं लाल एकमेकांत मिसळलं होतं, आणि लांबून कुणालाही त्यातला फरक दिसला नसता. मिनल आपली वाक्यं म्हणत होती. बहुतेक तिला वाटत होतं, की वाक्यं म्हणत राहिलं की नाटक पुढं सरकेल आणि संपेल. मग बक्कल तिच्या मानेवर बसलं आणि ती वाक्य विसरली.

"पप्पा," ती म्हणाली. "पप्पा, नका ना."

सगळं मैदान हुंदके द्यायला लागलं. इतकं खरं काम आम्ही आजवर बघितलं नव्हतं. कुणीतरी मोठ्यानं पवित्र मारियेचा जप सुरू केला. मागच्या बाजूला आईबरोबर आलेला धम्मपाल उठून उभा राहिला, काहीतरी ओरडला. शेजारच्या दोघांनी त्याला खांदे धरून खाली दाबलं, आणि बस रे भावा, अजून पत्रा वाजायचाय, असं समजावलं. तो उठत होता, ते दाबत होते. सावित्रीबाई टोपली मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती आणि रडत रडत माझ्या भाचीचं कौतुक करत होती.

शेखरनं मिनलचे केस धरले, तिला फरफटत ओंडक्यापाशी आणलं आणि तिची मान त्यावर टेकवली. नाटकात तलवार ओंडक्याच्या कडेला पडते, मानेपासून हातभर लांब. त्यानं तलवार उचलली आणि पाय रोवले. हॅमरवरचा माणूस तसे पाय रोवतो. घाव जिथं घालायचा तिथंच बघतो आणि पापणी लववत नाही. तो तिच्या मानेकडं बघत होता.

मी पत्रा बडवला. जीव खाऊन बडवला, नाटकातली चार वाक्यं बाकी असताना. मैदान चिडीचूप झालं. आता डायोस्कोरसनं पडायचं. तो पडला नाही.

"आरं पड की मुडद्या," पुढून गोजाबाईचा आवाज आला. लोक हसले.

शेखरनं तलवार डोक्याच्या वर नेली. मी मोगरी घेऊन धावले आणि त्याच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं मला हातात कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओळख नसल्यासारखं, आणि तलवार दुसऱ्या हातात घेऊन तशीच खाली आणली. मी दुसरा घाव त्याच्या खांद्यावर घातला. तलवार कलली, मिनलच्या कानाची पाळी कापून ओंडक्यात रुतली. शेखर ओंडक्याशेजारी आडवा झाला. तो माझा भाऊ आहे, मी त्याला कडेवर खेळवलेलं आहे, आणि त्या वेळी मला एवढंच वाटलं, की हा आता उठू नये.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. पत्रा वाजला होता म्हणून धम्मपालला आता कुणी अडवलं नाही. तो धावत स्टेजवर आला, मिनलच्या पाठीला त्याचा हात लागला, आणि त्यानं तो हात वर करून लोकांना दाखवला. तरी टाळ्या थांबायला वेळ लागला.

दवाखान्यात कॉन्स्टेबल आला तेव्हा फादर माझ्या आधी बोलले. माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं झाकून ठेवायची सवय आहे. ते म्हणाले, की नाटक चालू होतं, भरात दोघांकडूनही जास्त लागलं, सणाचा दिवस आहे. चर्चच्या कमिटीतली माणसं माना हलवत होती. हात गळ्यात बांधलेला शेखर जमिनीकडं बघत म्हणाला, की नाटकच होतं साहेब, बहिणीवर आपली काही तक्रार नाही. मला बाहेर बाजूला घेऊन फादरनी समजावलं, की छबूबाई, यात तुमचाच बचाव आहे, हाड तुम्ही मोडलंय. बरोबरच होतं. केस झाली असती तर माझ्यावरच आधी.

मी परत आत आले आणि कॉन्स्टेबलसमोर उभी राहिले.

"नाटक नव्हतं," मी म्हणाले. "मी मारलं त्याला. दोनदा, मुद्दाम. उठला असता तर तिसऱ्यांदा मारलं असतं. हे आधी लिवा, मंग त्यानं काय केलं ते लिवा."

"छबूबाई, नीट विचार करा," फादर म्हणाले.

"केलाय, फादर. माझा मार नाटक ठरला, तर त्याचाबी नाटकच ठरतोय. मला ते चालायचं न्हाई."

 कॉन्स्टेबलनं कमिटीच्या माणसांकडं बघितलं, मग पलीकडच्या खाटेकडं. मिनल पालथी पडली होती, कारण पाठ कशालाच टेकवता येत नव्हती. उशाशी सावित्रीबाई बसली होती. नाचणीची टोपली तिनं खाटेखाली सरकवून ठेवली होती. कॉन्स्टेबलनं मिनलला विचारलं, की तुमचं काय म्हणणं आहे. बाप चार पावलांवर बसलेला होता आणि तिनं त्याच्याकडं बघितलं. मी तिच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहणार होते, रोजच्या सवयीनं. तिनं मला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं.

"आत्या खरं बोलतेय," तो सगळा वेळ बापाकडं बघत मिनल म्हणाली. "तिनं मारलं म्हणून मी हे सांगायला जिवंत आहे. ईस्टरच्या दातापासून लिहा."