बाराच प्रती

रूथबाईने छापलेला बारावा कागद शाईच्या फळीवरून सोलून दोरीवर वाळत टाकला आणि पटाशीचं टोक फळीवर, हवेतच, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवलं.

"मी गोव्याहून आले की इथे चर पाडायचा. बारा म्हणजे बाराच, तेरावा कागद निघता कामा नये. आमच्या कामाचा नियम."

फणसाची ती फळी हरिश्चंद्र सुतारानेच रंधून दिली होती आणि या अमेरिकन चित्रकार बाईने तिच्यावर त्याच्या आईचा चेहरा कोरला होता. आई महिन्यापूर्वी गेली. उभ्या जन्मात तिचा एक फोटो निघाला नव्हता. बाराही कागद अमेरिकेत आधीच कुणाकुणाच्या नावाचे झाले होते.

रूथबाई गोव्याला जायला मसुऱ्याहून एसटीत बसली, तशी सावित्री नवऱ्याजवळ पडवीत आली.

"इतक्या कोरलेला कोण मोडता? सोंग आसा सगळा. फळी पेटयेत घालून न्हेतली, आणि थंय बसान हजार कागद काढतली."

हरिश्चंद्रालाही ते पटलं. मोडली काय, नेली काय, आई जाणारच होती. तीन दिवस खपून त्याने दुसऱ्या फळीवर तोच चेहरा उतरवला, वर शाई फासली आणि खरी फळी माळ्यावर दडवली.

चौथ्या दिवशी परतलेल्या रूथबाईने खोटी फळी मांडीवर घेतली. हरिश्चंद्र खाली मान घालून पटाशीला धार लावत राहिला, पण सगळं लक्ष तिच्या अंगठ्याकडे. अंगठा कपाळावरून, नथीवरून फिरला आणि उजव्या गालावर थांबला.

छापताना डावं-उजवं उलटतं, म्हणून रूथबाईने खऱ्या फळीवर आईचा तीळ डाव्या गालावर कोरला होता. हरिश्चंद्राला ते चांगलं ठाऊक होतं. पण आईचा तीळ भलत्याच गालावर कोरायला त्याचा हातच धजला नव्हता.

"हा तीळ..."

"आयेचो तीळ उजव्याच गालार होतो, बाई."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. रूथबाई त्याच्याकडे बघत राहिली. आता ही माळ्यावर चढणार, गावभर बोभाटा करणार, असं त्याला वाटलं. पण तिने पटाशी त्याच फळीच्या कोपऱ्यावर टेकवली आणि चेहऱ्यावरून आरपार चर पाडला. त्याने तोंड फिरवलं.

कागद गुंडाळून झाल्यावर ती उठली.

"मी कोरलेल्या त्या फळीला तेल लावून ठेव, वाळवी लागेल," ती म्हणाली. "शाई मात्र कधी लावू नकोस."