निळे प्लग, साधी डबी

दक्षेश राणाचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की नटवर सोळंकीनं आडपडदा ठेवला. अंकलेश्वरच्या आमच्या कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट खात्यात, मी चोवीस वर्षं काढली. नऊ वर्षांपूर्वी हा दक्षेश आला तेव्हा त्याला मीटर धरायलासुद्धा मी शिकवलं. बरं, शिकला. पण असा शिकला की आमचे मॅनेजर पारेखसाहेब काही अडलं की आधी त्याला फोन करायला लागले आणि मग, आठवलंच तर, मला.

त्यात आमचे फोरमन महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. जागा एक आणि माणसं दोन. शुक्रवारी सेफ्टीची तपासणी होती, ती आटोपली की साहेब नाव सांगणार होते.

"काका, तुम्हीच होणार फोरमन," दक्षेश सगळ्यांदेखत म्हणायचा. वर काका! मी एक्कावन्नचा, तो बत्तीसचा, मग भाई म्हणायला काय जीभ झडते? आणि मनापासून म्हणायचा, त्याचाच जास्त राग. लबाड असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

घरी बायको हसायची. "दक्षेशचं नाव घेतल्याशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याला जेवायलाच बोलवा ना एकदा."

"तू गप बस, हंसा."

"मी गप बसते. पण तुमचं तोंड बघा आरशात, कारलं खाल्ल्यासारखं झालंय."

तर झालं असं. आमच्याकडे टोल्युइनच्या टाक्या आहेत. टोल्युइनची वाफ म्हणजे काय ते इथे कुणाला सांगावं लागत नाही, एक ठिणगी पुरते. टाकीवर पातळी मोजायचं यंत्र असतं, तिथून वायर कंट्रोल रूममधल्या कपाटात येते, आणि कपाटात मध्ये बसतो आयसोलेटर. आम्ही त्याला डबी म्हणतो. आपल्या तळहाताएवढी चपटी वस्तू, पण सगळी मदार तिच्यावर. ती टाकीकडे इतकीच वीज जाऊ देते की वर वायर तुटली, एकमेकींना चिकटली, तरी वाफ पेटेल एवढी ठिणगी पडत नाही. सुरक्षित डबीचे प्लग निळे. साधी डबीही मिळते, तिचे करडे. साधी डबीसुद्धा आकडा अगदी बरोबर दाखवते, फक्त वीज अडवत नाही. म्हणून साधी लागली तरी कंट्रोल रूममध्ये कुणाला पत्ता लागत नाही.

रविवारी चार नंबरच्या टाकीची डबी गेली. सुट्टी माझीही होती, पण फोन कुणाला? दक्षेशला. तो आला, स्टोअर उघडलं, वीस मिनिटांत नवी बसवली आणि परत गेला. सोमवारी सकाळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "वीस मिनिटं! याला म्हणतात काम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस मिनिटांचं एवढं काय कौतुक? मी अठरात केलीय.

साहेबांची पाठ वळल्यावर मी कपाट उघडलं. खरं सांगतो, खोट काढायलाच उघडलं. आणि सापडली. अहो, एवढी मोठी खोट सापडेल असं मलाही वाटलं नव्हतं. घाईत आम्ही सगळेच एक करतो: वायरी एकेक सोडवत बसत नाही, जुन्या डबीचे प्लग वायरींसकट उपटायचे आणि नव्या डबीत खोचायचे. दक्षेशनं तेच केलं होतं. समोरून बघावं तर प्लग निळे, सगळं ठाकठीक. पण मी बॅटरी मारून बाजूची नंबराची पट्टी वाचली. डबी साधी होती. एकाच कंपनीची, एकाच मापाची, स्टोअरमध्ये शेजारी ठेवलेली. त्यानं चुकीचं खोकं उचललं होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं? भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. असा आनंद की कपाटाचं दार मी शीळ घालत लावलं. शुक्रवारी तपासनीस येणार, मी सहज म्हणणार, साहेब, जरा हे चार नंबरचं कपाट बघूया का? मग बघतो कोण वीस मिनिटांचं कौतुक करतं.

चार दिवसांचा तर प्रश्न, असं मी स्वतःला समजावलं. वर वायर पक्की आहे, ती कशाला तुटते? आजवर एकदाही तुटली नाही.

मंगळवारी दुपारी याकूबभाई बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. याकूब टाक्यांवरचा ऑपरेटर, भरुचचा. सतरा वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खातो. श्रावणात माझा उपास असला की तो मला दाखवून दाखवून कबाब खातो आणि रोज्यात मी त्याच्यासमोर बसून ढेकर देतो, इतकी आमची दोस्ती. त्यानं खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी सोडली.

"काय रे नटवर, आज भलताच खुशीत? हंसाभाभी माहेरी गेली की काय?"

"तुझं आपलं काहीतरी."

"मग दक्षेशचा पाय-बिय मोडला का?"

मी हसलो. शेंगदाणे संपले तसा तो उठला, सॅम्पलची बाटली घेतली आणि चार नंबरच्या शिडीकडे निघाला. दर पाळीला एकदा त्याला वर जावं लागतं, झाकण उघडून नमुना काढायला. मी त्याला हाक मारली.

"याकूब!"

तो वळला. "बोल."

जिभेच्या टोकावर आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. पण याकूबला सांगायचं म्हणजे तो तडक कंट्रोल रूममध्ये जाणार, टाकी बंद होणार, दक्षेश धावत येऊन डबी बदलणार आणि शुक्रवारी माझ्या हाती धुपाटणं.

"काही नाही," मी म्हटलं. "सावकाश चढ, शिडी तापलीय."

"आली मोठी माझी सासू," म्हणत तो वर गेला. मी खाली उभा राहिलो तो उतरेपर्यंत. उतरला तेव्हा वाटलं, बघ, काही झालं नाही. बुधवारीही काही झालं नाही. बुधवारी मी तिथे उभासुद्धा राहिलो नाही.

गुरुवारी सकाळी कंट्रोल रूमसमोर नेहमीची सेफ्टीची बैठक होती. सगळे गोलात उभे, साहेब मध्ये. बघतो तर दक्षेशचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच तो पुढे आला.

"साहेब, माझ्याकडून चूक झालीय. चार नंबरला मी रविवारी साधी डबी बसवली. आत्ता स्टोअरमध्ये रिकामं खोकं ठेवायला गेलो तेव्हा वरचा नंबर वाचला. आठ वीसला मी तिची वीज तोडलीय. टाकी भरणं थांबवलंय, वर जाणं बंद केलंय. वरचं यंत्रसुद्धा आता उतरवायला हवं. एकदा साध्या डबीला जोडलेलं यंत्र परत सुरक्षित धरता येत नाही."

"बाहेर टँकर उभा आहे, राणा," साहेब म्हणाले.

"हो साहेब. जी काय शिक्षा असेल ती द्या. पण टाकी चालू करू नका."

मला वाटलं, आता साहेब याला सोलून काढणार. माझी शुक्रवारची मजा गेली, पण चला, गुरुवारची तर मिळेल. साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"चूक मोठी आहे. लेखी ताकीद मिळेल तुला," ते म्हणाले. "पण स्वतःची चूक स्वतः पकडून, कुणी विचारायच्या आत टाकी बंद करणारा माणूस मला हवा होता. फोरमन हाच होईल. उद्यापर्यंत थांबायची मला गरज वाटत नाही."

हा काय न्याय म्हणायचा? चूक करणाऱ्याला बढती! मी चोवीस वर्षं एक चुकीचा स्क्रू लावला नाही, त्याचं काहीच नाही? लोक दक्षेशच्या खांद्यावर हात ठेवायला लागले, आणि तो मेला रडतोय! मला राहवलं नाही.

"त्यानं काय पकडलं?" मी ओरडलो. "खोकं बघून कुणीही पकडेल! मी नुसती पट्टी वाचून पकडली. सोमवारीच पकडली मी!"

बोललो आणि मलाच ऐकू आलं. मी जीभ चावली, पण आता काय उपयोग? दक्षेशचं रडणं थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला, नऊ वर्षांपूर्वी मी शिकवायचो तेव्हा बघायचा तसा, काहीतरी नीट समजून घ्यायचं असल्यासारखा.

"सोमवारी?" साहेबांनी हळूच विचारलं.

मी काहीतरी बोललो. तपासनिसांना दाखवणार होतो, खात्री करत होतो, असलं काहीबाही. कुणी ऐकत नव्हतं. साहेब म्हणाले, "नटवरभाई, तुमचा गेट पास सिक्युरिटीकडे ठेवा आणि घरी जा. मी कळवतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला भाई म्हटलं होतं.

गोल मोडला. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, कुणी धक्कासुद्धा लावला नाही. याकूब तेवढा राहिला. त्यानं हेल्मेट काढून हातात धरलं होतं. मला वाटलं, आता हा मला मारणार, आणि खरं सांगतो, त्यानं मारावं असं मला वाटत होतं.

"याकूब, मी तुला हाक मारली होती," मी म्हटलं.

"हो, मारली होतीस," तो म्हणाला. "नुसतं म्हणायचं होतंस ना, वर जाऊ नकोस. मी कारणसुद्धा विचारलं नसतं."